सुतारकामाचा क्लास लावू का? आधी क्लासनंतरचे पंधरा दिवस डोळ्यासमोर आणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की वर्षभर सुतारकामाचे व्हिडिओ बघून झालेत, घरी एक ड्रिल आणि एक जिगसॉ (हातात धरायची, बारीक पात्याची विजेवरची करवत) आहे, दोन शेल्फ करून बघितले पण ते डुगडुगतात, आणि आता शनिवार-रविवारचा बिगिनर क्लास दिसलाय ज्यात एक छोटं स्टूल करून घरी नेता येतं. फी बऱ्यापैकी आहे, तेवढ्या पैशात चार चांगली हत्यारं येतील. तर क्लास लावायचा की हत्यारं घ्यायची?

मी बावीस वर्षं लाकडात काम करतोय, आणि त्यातली अकरा वर्षं फर्निचर करता करता नवख्यांना शिकवतोय सुद्धा. म्हणजे क्लास घेणाऱ्यांपैकीच एक आहे मी, हे आधीच सांगतो म्हणजे तुम्ही माझं म्हणणं त्या हिशोबाने वाचाल. तरी माझं उत्तर सरसकट "लावा" असं नाहीये.

मला कोणी हा प्रश्न विचारला की मी उलट एकच विचारतो. क्लास संपल्यावर पुढच्या पंधरा दिवसांत तुमच्याकडे अशी जागा असेल का, जिथे एक फळी घट्ट धरून ठेवता येईल आणि अर्धा तास करवत चालवता येईल? मोठी खोली नको, गॅरेज नको, बाल्कनीचा कोपरा चालेल, एखादं जड टेबल चालेल ज्याला क्लॅम्प लागतो. पण ती जागा हवी आणि आठवड्यातून दोनदा तरी तिथे उभं राहायची तयारी हवी. कारण क्लासमध्ये जे मिळतं ते हातात असतं, डोक्यात नसतं, आणि हाताचं शिकणं फार पटकन उतरतं. माझ्याकडे दोन दिवसात सुरेख सरळ करवत चालवायला शिकून गेलेली माणसं तीन महिन्यांनी परत आली तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं, आणि याउलट ज्यांनी घरी जाऊन लगेच भंगार लाकडावर रोज पाच-सहा काप मारले ते पुढच्या वेळी आले तेव्हा माझ्याकडे शिकवायला वेगळंच काहीतरी असायला लागलं. फी तीच, दिवस तेच, फरक फक्त नंतरच्या पंधरा दिवसांचा.

त्यामुळे तुमचं सध्या घर बदलणं चालू आहे, घरात लहान बाळ आहे, ऑफिसचं काम डोक्यावर आहे, असं काही असेल तर आत्ता लावू नका, चार महिन्यांनी लावा. क्लास कुठे जात नाहीत.

आता व्हिडिओ बघून जे मिळत नाही ते क्लासमध्ये नक्की काय मिळतं, हे नीट सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं की तिथे "स्टूल कसं करायचं" ते शिकवतात. ते तर व्हिडिओतही आहेच की, आणि खरं सांगायचं तर कधी कधी जास्त नीट सांगितलेलं असतं.

पहिली गोष्ट म्हणजे धार. हत्याराला धार आहे म्हणजे काय हे ज्याने कधी अनुभवलंच नाही त्याला ते सांगून कळत नाही. दुकानातून नवी आणलेली पटाशी, म्हणजे लाकूड तासायची चिझल, धारदार नसते, ती फक्त घासून कोनात आणलेली असते, साधारण २५ अंशांच्या आसपास. तिची मागची बाजू सपाट करावी लागते, मग टोकाला ३० अंशांच्या जवळपास बारीक कड काढावी लागते, १००० नंबरच्या दगडावर आणि मग ६००० किंवा ८००० च्या दगडावर (नंबर मोठा तेवढा दगड बारीक), आणि मागे जो धातूचा बारीकसा पदर वळतो, ज्याला बर म्हणतात, तो काढावा लागतो. हे सगळं मी इथे लिहिलं, तुम्ही वाचलं, पण तुम्ही घरी केलं आणि पटाशी जेमतेम कापायला लागली की तुम्हाला वाटणार झाली धार. मी क्लासमध्ये काय करतो, एक मऊ लाकडाचा तुकडा घेतो, पाइनचा वगैरे, आणि त्याच्या कापलेल्या टोकावर, म्हणजे जिथे तंतू उभे येतात तिथे, आधी विद्यार्थ्याच्या पटाशीने पातळ काप काढायला लावतो. तंतू दबतात, चुरडतात, पांढरट खडबडीत पृष्ठभाग राहतो. मग माझी पटाशी देतो. तोच हात, तेच लाकूड, आणि काप काचेसारखा चमकतो, हाताला जोरच लावावा लागत नाही. त्या क्षणी चेहरा बदलतो माणसाचा, अकरा वर्षांत मी हे किती वेळा बघितलं असेल आणि अजून मला ते बघायला आवडतं. त्या दिवसानंतर तो माणूस घरी बोथट हत्यार वापरू शकत नाही कारण त्याच्या हाताला माहीत झालेलं असतं की कुठवर जायचंय. माझ्या मते नवख्याच्या अर्ध्याअधिक अडचणी बोथट हत्यारामुळे असतात आणि त्याला वाटत असतं की आपल्याला जमत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमचं शरीर, जे तुम्हाला स्वतःला दिसत नाही. मी स्वतः सुरुवातीची तीन वर्षं कोणाकडे न शिकता काम केलं, आणि माझा प्रत्येक काप उजवीकडे जायचा. मी करवत बदलली, महागातली घेतली, रेघ जाड मारून बघितली, पातळ मारून बघितली, शेवटी थोडं जास्त लाकूड सोडून कापायचं आणि मग रंध्याने खाली आणायचं अशी सवयच लावून घेतली. एकदा एका साइटवर एक म्हातारे सुतार काम करत होते, त्यांनी मला दोन मिनिटं बघितलं आणि माझ्या उजव्या पायाला त्यांच्या पायाने हलकेच मागे ढकललं. एवढंच. पाय मागे गेल्यावर माझा खांदा फिरला, कोपर अंगाला घासायचं थांबलं, आणि मनगट ते खांदा सगळं करवतीच्या रेषेत आलं. पुढचा काप सरळ. तीन वर्षं मी त्या पायाशी भांडत होतो आणि मला पत्ता नव्हता. व्हिडिओ तुम्हाला बघत नाही, हाच त्याचा मोठा दोष आहे. तुम्ही मूठ किती आवळताय (जवळजवळ सगळेच जास्त आवळतात, मुठीत तीनच बोटं आणि पहिलं बोट पात्याच्या दिशेने पुढे ताणलेलं, एवढं पुरतं), करवतीला खाली दाबताय का, श्वास धरून ठेवताय का, हे शेजारी उभा राहिलेला माणूसच सांगू शकतो.

आणि आवाज. रंधा नीट बसला असेल तर त्याचा एक सरसर असा एकसंध आवाज येतो, तंतूंच्या उलट दिशेने मारला की खरखर होते, पातं जास्त बाहेर असेल तर अडखळून थांबतो. मी पाठ करून उभा असलो तरी मला कळतं कोणाचं काय चुकतंय. हा कान तुमच्यातही तयार होतो, पण बरोबर आवाज कोणता हे आधी एकदा ऐकायला लागतं, समोरासमोर.

आता स्टुलाबद्दल. दोन दिवसांत नवख्या माणसाने खरोखर स्वतः हाताने स्टूल करणं जवळपास अशक्य आहे, म्हणजे फळी रंधून सपाट करणं, मापात कापणं, जोड काढणं, चिकटवणं, घासणं, पॉलिश. ग्लूलाच क्लॅम्पमध्ये अर्धा-एक तास आणि पूर्ण ताकद यायला साधारण दिवसभर लागतो. मग क्लासवाले काय करतात, की लाकूड आधीच मशीनवर रंधून कापून ठेवतात, पायांची भोकं जिगमध्ये, म्हणजे माप ठरवून देणाऱ्या साच्यात, पाडून तयार असतात, आणि तुमच्या वाट्याला येतं ग्लू लावणं, ठोकणं आणि पॉलिश पेपर मारणं. रविवारी संध्याकाळी स्टूल हातात असतं, फोटो छान येतो, आणि सोमवारी तुम्हाला एक फळी सरळ कापता येत नाही. हे सगळेच करतात असं म्हणत नाही, आणि कोणी फसवतंय असंही नाही, बऱ्याच लोकांना तेच हवं असतं, एक छान वीकेंड आणि हातात काहीतरी. तुम्हाला तेच हवं असेल तर त्यात काही वाईट नाही, जरूर जा. पण तुमच्या प्रश्नावरून मला वाटतं की तुम्हाला शिकायचंय, तर मग फोन करून विचारा की लाकूड कोणत्या अवस्थेत हातात मिळतं, आणि त्यातला कोणता काप मी स्वतः मारणार आहे.

मला विचाराल तर पहिल्या दोन दिवसांसाठी सगळ्यात चांगल्या वस्तू फार साध्या असतात. बेंच हुक, म्हणजे टेबलाच्या कडेला अडकवून त्यावर लाकूड धरून कापायची ती पाटी. लाकडी हातोडा. झाकण नसलेली लहान पेटी. या वस्तू नंतर कामाला येतात आणि त्यात चूक झाली तर लगेच दिसते, लपत नाही. एकोणिसाव्या शतकात फिनलंडमध्ये उनो सिग्नेयुस आणि मग स्वीडनमध्ये नेस इथे ओट्टो सालोमोन यांनी शाळेतल्या मुलांसाठी स्लॉइड नावाची हस्तकलेची पद्धत उभी केली, त्यात मुलाच्या हातात पहिल्यांदा फक्त चाकू यायचा आणि अगदी लहानशी वस्तू, मग क्रमाने एकेक हत्यार आणि एकेक थोडी अवघड वस्तू. फिनलंडने १८६६ मध्ये हे शाळेच्या शिक्षणात आणलं. दीडशेहून जास्त वर्षं झाली पण मला अजून यापेक्षा शहाणा क्रम सापडलेला नाही. क्लासचा कार्यक्रम बघताना हेच बघा की तो लहानापासून चढत जातो का, की पहिल्याच तासाला सगळी मशिनं दाखवतात.

मशीनवरून आठवलं, इथे माझं मत जरा कडक आहे. तुम्ही पुढेमागे टेबल सॉ, म्हणजे टेबलातून गोल फिरतं पातं वर येतं ते मशीन, घ्यायचा विचार करत असाल तर मग क्लास लावायचा की नाही हा प्रश्नच उरत नाही, कोणाच्या तरी शेजारी उभं राहून शिकल्याशिवाय ते मशीन चालू करू नका. हिशोब करून बघा, २५ सेंटिमीटरचं पातं मिनिटाला ४००० फेरे घेत असेल तर त्याच्या दातांचा वेग तासाला जवळजवळ १९० किलोमीटर होतो. आणि बोट कापणं हा एकच धोका नाही. कापलेलं लाकूड पात्याच्या मागच्या बाजूला आवळलं गेलं किंवा तिरकं झालं तर मागचे वर येणारे दात ते उचलून तुमच्याच अंगावर फेकतात, त्याला किकबॅक म्हणतात. हे मी स्वतः खाल्लेलं आहे. शिकायला लागून दुसरं वर्ष, घाई होती, पात्यामागची ती उभी पट्टी असते ना, रायव्हिंग नाइफ, जी कापलेल्या दोन भागांना एकमेकांपासून लांब ठेवते, ती मी आदल्या दिवशी काढून ठेवली होती आणि परत लावली नव्हती. हातभर लांबीचा तुकडा माझ्या पोटात बसला, मी खाली बसलो ते दहा मिनिटं उठलो नाही, पुढे तीन आठवडे तिथे काळंनिळं होतं. नशीब की हात पात्याकडे ओढला गेला नाही, कारण तेही होतं, लाकूड झटक्यात निघून जातं आणि त्यावर जोर देत असलेला हात पुढे सरकतो. तेव्हापासून माझ्या वर्कशॉपमध्ये ती पट्टी लावल्याशिवाय मशीनची पिन लागत नाही.

चांगल्या क्लासमध्ये पहिल्याच तासात सांगतात की पात्याच्या रेषेत उभं राहू नका, फिरत्या मशीनजवळ हातमोजे घालू नका (लोकांना उलट वाटतं, पण मोजा अडकला तर हातासकट ओढला जातो), अंगठी, घड्याळ, सैल बाह्या नकोत, केस बांधा. कानाला संरक्षण लागतंच, कारण ८५ डेसिबलच्या वर रोजचं काम कानाला इजा करतं आणि कापायची मशिनं सहज त्याच्या वर जातात. आणि भुसा. जाड भुसा खाली पडतो त्याचं काही नाही, पण जी बारीक धूळ हवेत राहते, विशेषतः सँडिंगची, ती वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलेली आहे. दोन दिवसांत तुम्हाला काही होणार नाही, घाबरू नका, पण ज्या वर्कशॉपमध्ये धूळ ओढायची सोय नाही आणि मास्कचा विषयसुद्धा निघत नाही तिथले बाकीचे धडे कसे असतील याचा अंदाज येतो. अजून एक, जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात, पसरून वाळवायची असतात. हे जो शिकवणारा न विचारता सांगतो त्याच्याकडे मी माझ्या पोरांना डोळे मिटून पाठवेन.

आता तुमच्या डुगडुगणाऱ्या शेल्फकडे येतो कारण त्यासाठी क्लास लागत नाही, ते आधी सोडवून टाकू. चार फळ्यांची चौकट स्क्रूने जोडली आणि मागे काही लावलं नाही की ती कितीही घट्ट पिळा, बाजूला ढकलली की समांतरभुज चौकोन होणारच. चौकोनाला स्वतःची ताकद नसते, त्रिकोणाला असते. मागे एक पातळ प्लाय लावा, ६ मिलिमीटरचा पुरे, चारी बाजूंनी स्क्रू मारून, पण मारण्याआधी दोन्ही कर्ण मोजा, कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही सारखे आले तर चौकट काटकोनात आहे, नाही आले तर लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर क्लॅम्प लावून हळूहळू आवळा आणि सारखे झाले की प्लाय लावा. दुसरं म्हणजे तुमचे स्क्रू बहुतेक आडव्या फळीच्या टोकात गेलेत, जिथे तंतू संपतात, तिथे स्क्रूची पकड कमीच असते आणि ग्लूची तर त्याहून कमी, कारण टोकातून ग्लू शोषला जातो. म्हणून तर लोकांनी खाच आणि तिच्यात बसणारी जीभ असे जोड शोधून काढले, त्यात लांब तंतू लांब तंतूंना चिकटतात. बघा करून, एका संध्याकाळचं काम आहे.

मात्र लाकूड हलतं हा धडा तुम्ही क्लासमधून घेऊनच बाहेर पडा, नाहीतर पुढे मोठं काही कराल आणि ते फाटेल. लाकूड आडवं फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळपास नाही. झाडाच्या वर्तुळांच्या दिशेने जेवढं हलतं ते केंद्राकडून सालीकडच्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट असतं, म्हणूनच फळी वाकते, पन्हाळीसारखी होते. ओलावा ३० टक्क्यांच्या खाली उतरायला लागला की आकसणं सुरू होतं, घरातलं फर्निचर साधारण ८ ते १२ टक्क्यांवर स्थिरावतं, पण हवा दमट झाली, कोरडी झाली की परत खालीवर होतच राहतं. ३०० मिलिमीटर रुंदीच्या फळीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. टेबलाचा वरचा पाट खालच्या चौकटीला कायमचा चिकटवून टाकला तर त्याला हलायला जागा नाही, मग कुठेतरी चीर जाते. माझ्या सुरुवातीच्या एका टेबलाला अशी चीर गेली होती, वरपासून खालपर्यंत, ज्यांच्याकडे दिलं ते मला काही बोलले नाहीत, फक्त त्यांनी टेबलावर कापड घालून ठेवलं होतं आणि ते मला जास्त लागलं. परत नेऊन नवीन करून दिलं.

तर हत्यारं की क्लास. तुम्ही तराजू मांडलाय तो थोडा चुकतोय असं मला वाटतं, कारण क्लासच्या आधी हत्यारं घेतली तर बहुतेक चुकीची घेतली जातात. करवतच घ्या, पुढे ढकलताना कापणारी असते आणि जपानी पद्धतीची ओढताना कापणारी असते, दोन्ही चांगल्या, पण तुमच्या हाताला कोणती बसते हे दोन्ही चालवल्याशिवाय कळणार नाही, आणि क्लासमध्ये ती फुकट चालवायला मिळते. आठ पटाश्यांचा सेट दुकानात छान दिसतो, त्यातल्या पाच कधी हातात येत नाहीत. माझं म्हणणं असं, की फी भरायच्या आधी अगदी थोडंच घ्या: एक साधी बारीक दातांची हातकरवत, एक गुण्या (काटकोन बघायची पट्टी), दोन क्लॅम्प, बस. आणि दोन आठवडे हा प्रयोग करा. कुठलीही टाकाऊ फळी घ्या, गुण्याने रेघा मारा, समोरून आणि वरून दोन्हीकडे, आणि रेघेला लागून काप मारत जा, रोज पाच. प्रत्येक कापलेल्या तुकड्यावर तारीख घाला आणि गुण्या लावून उजेडाकडे धरून बघा कुठे फट दिसते.

दोन आठवड्यांनी काय होतं ते स्वतःच बघा. काही जणांना तिसऱ्या दिवशीच कंटाळा येतो आणि कळतं की आपल्याला बनलेली वस्तू आवडते, बनवणं एवढं नाही, यात काही कमीपणा नाही आणि फी वाचली. काही जणांचे काप सरळ यायलाच लागतात, त्यांना बिगिनर क्लासपेक्षा जोडकामाचा किंवा धारेचा वेगळा एक दिवसाचा क्लास जास्त देऊन जाईल. आणि काही जण चिडतात. सगळे काप एकाच बाजूला जातायत, का जातायत कळत नाही, रात्री झोपताना तेच डोक्यात. असं झालं तर लगेच लावा क्लास, आणि ते तारखा घातलेले तुकडे बरोबर घेऊन जा. शिकवणारा माणूस जाणता असेल तर ते तुकडे बघूनच त्याला तुमचा हात कळेल आणि तुमचे दोन दिवस दुसऱ्यांच्या चार दिवसांएवढे होतील.

क्लास निवडताना अजून काय विचारायचं ते भरभर सांगतो. एका शिकवणाऱ्यामागे किती जण, सहा ते आठ ठीक, बाराच्या वर असतील तर तो तुमच्याकडे बघायला पोचणारच नाही, आणि वर सांगितलं तसं, बघितलं जाणं यासाठीच तर पैसे देताय. प्रत्येकाला स्वतःचा बाक मिळतो का की दोघांत एक. धार लावायला शिकवतात का की धार लावलेली हत्यारं हातात देतात, हा माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण दुसऱ्या प्रकारात तुम्ही घरी गेल्यावर आठवड्याभरात अडकणार. डावखुरे असाल तर आधी सांगा. नंतर कधी प्रश्न विचारायला किंवा त्यांच्या बाकावर काम करायला जाता येतं का, काही ठिकाणी अशी सोय असते आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला ती सोन्यासारखी आहे. शक्य असेल तर एकदा नुसतं बघायला जा, दहा मिनिटं, जमीन झाडलेली आहे का, हत्यारं जागच्या जागी आहेत का, आणि शिकवणारा विद्यार्थ्याच्या हातातून हत्यार काढून घेऊन स्वतःच करून देतो का. जो सारखा काढून घेतो त्याच्याकडे शिकणं कमी होतं, कितीही मोठा कारागीर असला तरी.

दोन दिवसांऐवजी आठवड्यातून एक संध्याकाळ असा सहा-आठ आठवड्यांचा क्लास मिळत असेल तर मी तो निवडेन, दमायला कमी होतं आणि मधल्या दिवसांत घरी सराव होतो, म्हणजे ते पंधरा दिवस क्लासमध्येच धरलेले असतात. दोन दिवस सलग सहा-सात तास उभं राहून काम करणं बैठ्या नोकरीच्या माणसाला जड जातं, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर हात थरथरतात आणि नेमकं तेव्हाच ग्लू लावायची वेळ येते. पाठीचं किंवा मनगटाचं काही दुखणं असेल तर लपवू नका, बाकाची उंची बदलता येते, रंधा मारायला बाक साधारण मनगटाच्या घडीएवढा असला की कमरेवर ताण येत नाही.

तुमच्या बाबतीत मला काय वाटतं ते स्पष्ट सांगतो. जिगसॉ बाजूला ठेवा, शेल्फला मागून प्लाय लावा, दोन आठवडे काप मारा, आणि घरात ती एक जागा ठरवून टाका. जागा ठरली आणि काप चालू राहिले तर क्लास लावा, स्टूलवाला नाही, धार आणि जोड शिकवणारा शोधा, त्यासाठी दोन महिने थांबावं लागलं तरी थांबा. क्लासमधून आल्यावर त्याच आठवड्यात धारेचा एक दगड आणि २० मिलिमीटरच्या आसपासची एक पटाशी घ्या, रंधा नंतर. जाताना बंद बूट घाला, मागच्या खिशात एक लहान वही ठेवा, आणि पहिल्या दिवशी जेव्हा धारेचा भाग येईल तेव्हा शिकवणाऱ्याला सांगा की आधी मला बोथट पटाशीने कापू दे, मग धारेच्या.